मैफल आणि तबकडी

गाणे समोर बसून ऐकणे वेगळे आणि तेच गाणे तबकडीवर ऐकणे वेगळे. हा फरक अमेरिकेतील जॅझ संगीताच्या उदाहरणाने या पाठात स्पष्ट केला आहे. तबकडीमुळे कलावंतांचे काय हरवले, त्यांनी त्याची दाद कशी मागितली आणि त्यातून सर्वांसाठी विनामूल्य मैफली कशा उभ्या राहिल्या, याची ही हकिकत आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांनी उरुसाच्या रात्री कव्वाली ऐकली असेल. कव्वाल एक ओळ म्हणतो. ती ऐकणाऱ्यांना आवडते. गर्दीतून कोणीतरी ‘वाह!’ म्हणतो. कव्वाल तीच ओळ पुन्हा घेतो. पण आता ती पहिल्यासारखी नसते. तो तिला नवे वळण देतो, आवाज थोडा चढवतो. ढोलकवाला ते ओळखतो आणि आपला ठेका बदलतो. टाळ्यांचा जोर वाढतो. दहा मिनिटांची कव्वाली अर्धा तास रंगते. दुसऱ्या दिवशी तुम्ही तीच कव्वाली मोबाइलवर लावता. शब्द तेच असतात, चाल तीच असते. तरीही काहीतरी कमी आहे असे वाटते. काय बरे कमी असते?

कमी असते ती दाद. मैफलीत गाणारा आणि ऐकणारा मिळून गाणे घडवतात. ‘मैफल’ हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूतील ‘महफिल’ मराठीत येऊन ‘मैफल’ झाली. ‘दाद’ हा शब्दही दोन्ही भाषांत आहे आणि दोन्हींत त्याला दोन अर्थ आहेत. चांगल्या गाण्याला आपण दाद देतो. अन्याय झाला, तर आपण दाद मागतो. आज आपण जी हकिकत वाचणार आहोत, तिच्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ आले आहेत.

ही हकिकत आहे जॅझ संगीताची. जॅझचा जन्म अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. हे शहर मिसिसिपी नदीच्या काठी आहे. तेथील कृष्णवर्णीय लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले होते. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पण गरिबी आणि अपमान संपला नाही. त्या लोकांनी आपले दुःख आणि आपला आनंद संगीतात ओतला. आफ्रिकेची लय आणि युरोपातून आलेली वाद्ये यांचा मेळ बसला. न्यू ऑर्लिन्समध्ये मयताच्या मिरवणुकीतही बँड असे. दफनभूमीकडे जाताना तो संथ, उदास धून वाजवी आणि परतताना आनंदाची धून वाजवी. गेलेल्या माणसाला निरोप देऊन जगणाऱ्यांनी पुन्हा जगायला लागावे, असाच जणू त्याचा अर्थ होता.

जॅझमध्ये ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, पियानो, ड्रम आणि ‘बेस’ नावाचे माणसाएवढे उंच तंतुवाद्य असते. पण जॅझची खरी ओळख वाद्यांवरून होत नाही. ती वाजवण्याच्या रीतीवरून होते. सुरुवातीला सर्व वादक मिळून एक धून वाजवतात. मग एकेक वादक पुढे येतो आणि त्या धुनेच्या आधाराने, त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. बाकीचे त्याला साथ करतात. शेवटी सारे पुन्हा मूळ धुनेवर येतात. आपल्याकडे गवय्या बंदिशीचा मुखडा धरून ताना घेतो आणि समेवर येतो, तसाच हा प्रकार आहे. दोन्ही संगीतांचे नियम फार वेगळे आहेत. पण कागदावर न लिहिलेले संगीत समोरच्या लोकांसाठी त्या क्षणी निर्माण करणे, ही गोष्ट दोन्हींत सारखी आहे.

जे संगीत क्षणात जन्मते, ते क्षणातच विरते. मग ते जपायचे कसे?

जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली. त्या काळी ध्वनिमुद्रणासाठी वीज वापरत नसत. खोलीत एक मोठा भोंगा ठेवलेला असे. वादक त्या भोंग्यासमोर वाजवत. ध्वनीच्या लहरी भोंग्यातून आत जात आणि एक सुई हलवत. ही सुई मेणाच्या तबकडीवर बारीक रेघ कोरत असे. ज्याचा आवाज मोठा, त्याला भोंग्यापासून लांब उभे करत. मोठा ड्रम तर बहुधा वगळतच, कारण त्याच्या धक्क्याने सुई उडे. पुढे जगप्रसिद्ध झालेला ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग १९२३ साली आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी गेला, तेव्हा त्याला इतरांपासून बराच मागे उभे केले होते, असे सांगतात. त्याचा आवाजच तेवढा दमदार होता!

१९२५ पासून भोंग्याच्या जागी विजेवर चालणारा मायक्रोफोन आला. आवाज स्वच्छ झाला. पण एक अडचण तशीच राहिली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीनच मिनिटांचे संगीत मावत असे. कल्पना करा, एखाद्या कव्वालाला सांगितले, की तुमची कव्वाली बरोबर तीन मिनिटांत संपवा आणि समोर श्रोता एकही नसेल, तर त्याला काय वाटेल? जॅझवादकांचीही तीच स्थिती होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही अडचण दूर झाली. ध्वनी साठवणारी चुंबकीय फीत वापरात आली. १९४८ साली हळू फिरणारी, लांब वेळ चालणारी तबकडी बाजारात आली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावत असे. आता यंत्र घेऊन थेट मैफलीत जाणे आणि ती जशीच्या तशी टिपणे शक्य झाले. अशा ध्वनिमुद्रणाला ‘लाइव्ह’ म्हणजे जिवंत ध्वनिमुद्रण म्हणतात. त्यात वादकांबरोबर टाळ्या, हाका, हसणे, कधीकधी चुकाही ऐकू येतात.

अशा एका मैफलीची गोष्ट ऐका. अमेरिकेत न्यूपोर्ट नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १९५४ पासून जॅझ महोत्सव भरू लागला. ७ जुलै १९५६ च्या रात्री तेथे ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद वाजवणार होता. एलिंग्टन हे फार मोठे संगीतकार. पण त्या काळात त्यांची लोकप्रियता ओसरू लागली होती. त्यांची मुख्य पाळी आली तेव्हा मध्यरात्र होत आली होती. काही लोक घरी निघालेही होते. एलिंग्टन यांनी आपली एक जुनी रचना निवडली. तिच्या दोन भागांच्या मध्ये सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस यांना एकट्याने वाजवायचे होते.

गोन्साल्विस वाजवू लागले. त्या रचनेचे एक आवर्तन ४८ मात्रांचे होते. एक आवर्तन झाले, दोन झाली, पाच झाली, ते थांबेनात. श्रोत्यांमधली एक स्त्री उठून नाचू लागली. तिला पाहून इतर लोक उठले. घरी निघालेले लोक परत फिरले. सारे मैदान उभे राहिले. गोन्साल्विस यांनी एकामागून एक २७ आवर्तने वाजवली, म्हणजे जवळजवळ तेराशे मात्रा! त्या एका रात्रीने एलिंग्टन यांचे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘टाइम’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले.

पण तबकडी तयार करताना एक घोटाळा लक्षात आला. रंगमंचावर दोन मायक्रोफोन होते. एक तबकडी काढणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीचा. वाजवण्याच्या भरात गोन्साल्विस नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर उभे राहिले होते. तुम्ही विज्ञानात शिकला असाल, की मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले, तर ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते. त्यामुळे कंपनीच्या फितीवर सॅक्सोफोनचा आवाज अगदी क्षीण आला. शिवाय इतर काही तुकडेही मनासारखे आले नव्हते. कंपनीने वाद्यवृंदाला स्टुडिओत बोलावून काही भाग पुन्हा वाजवून घेतले आणि त्यांत टाळ्यांचा आवाज मिसळला. ही तबकडी ‘न्यूपोर्टची मैफल’ म्हणून खूप खपली. पुढे १९९० च्या दशकात नभोवाणीच्या फिती सापडल्या. दोन्ही मायक्रोफोनांवरचे आवाज जुळवून १९९९ साली ती मैफल नव्याने प्रसिद्ध झाली. तेव्हा कोठे लोकांना गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन स्पष्ट ऐकता आला. तबकडीवर ‘लाइव्ह’ लिहिले, म्हणजे सारे काही जसेच्या तसे असतेच असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

कधीकधी मात्र चूक झाकली जात नाही, तीच मैफलीचे भूषण ठरते. १९६० साली थोर गायिका एला फिट्झजेराल्ड यांचा जर्मनीत बर्लिन येथे कार्यक्रम होता. एक गाणे गाताना मध्येच त्या शब्द विसरल्या. दुसरी एखादी गायिका गोंधळून थांबली असती. एला थांबल्या नाहीत. आपण शब्द विसरलो आहोत, हेच त्यांनी गाण्यात गुंफले. ताल न सोडता त्या नवे शब्द रचत गेल्या आणि मध्येच लुई आर्मस्ट्राँग यांच्या खर्जातल्या आवाजाची नक्कलही केली. श्रोते खूश झाले. ती मैफल ध्वनिमुद्रित होत होती. कंपनीने चूक काढून टाकली नाही आणि त्या गाण्याला पुढे अमेरिकेतील मानाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

येथपर्यंत तबकडीचे गुण आपण पाहिले. आता तिची दुसरी बाजू पाहू.

मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात पडद्यासमोर बसून वादक वाजवत असत. १९२७ नंतर बोलपट आले आणि अमेरिकेत हजारो वादकांचे काम गेले. पूर्वी उपाहारगृहांत रोज संध्याकाळी बँड असे. तेथे एक यंत्र आले. त्यात नाणे टाकले, की हवी ती तबकडी वाजे. नभोवाणी केंद्रेही वादकांना बोलावण्याऐवजी तबकड्या लावू लागली. तबकडी हजार वेळा वाजली, तरी वादकाला पैसे सामान्यतः एकदाच मिळत, ध्वनिमुद्रणाच्या दिवशी. म्हणजे वादक तबकडी भरून आपल्याच जागी एक बिनपगारी नोकर उभा करत होता! ज्या फांदीवर बसावे तीच तोडावी, तसे हे झाले.

याची दाद कोणाकडे मागायची? अमेरिकेतील वादकांची एक मोठी संघटना होती. जेम्स पेट्रिलो हे तिचे अध्यक्ष होते. ते शिकागोचे. लहानपणी ते स्वतः ट्रंपेट वाजवत. १ ऑगस्ट १९४२ पासून त्यांनी सर्व सभासदांना तबकड्यांसाठी वाजवण्यास बंदी केली. महायुद्ध चालू होते. लोकांनी टीका केली. १९४४ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी संप मागे घेण्याची विनंती केली, तरी पेट्रिलो मागे हटले नाहीत. मोठ्या कंपन्यांशी पूर्ण समझोता होण्यास नोव्हेंबर १९४४ उजाडला.

या संपाची किंमत संगीतालाही मोजावी लागली. नेमक्या त्याच काळात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे तरुण वादक न्यू यॉर्कमध्ये जॅझची एक नवी रीत घडवत होते. तिला पुढे ‘बीबॉप’ असे नाव पडले. पण ती घडत असतानाच्या तबकड्या जवळजवळ नाहीतच. मोठी नदी आपल्याला दिसते. तिचा उगम मात्र पाहायला मिळत नाही, अशी ही गोष्ट आहे.

संपातून काय मिळाले? कंपन्यांनी मान्य केले, की विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे काही लहानशी रक्कम एका निधीत टाकायची. पुढे कायदा बदलला आणि संघटनेला असा निधी स्वतःच्या ताब्यात ठेवता येईना. तेव्हा १९४८ साली पुन्हा संप झाला. त्याच्या अखेरीस त्रयस्थ विश्वस्ताच्या हाती हा निधी सोपवण्यात आला. या निधीचा उपयोग पाहा. त्यातून बागा, शाळा, रुग्णालये अशा ठिकाणी संगीताचे कार्यक्रम होऊ लागले. श्रोत्यांनी तिकीट काढायचे नाही. वादकांना मात्र त्यांचा मेहनताना मिळायचा. ज्या तबकडीने वादकाचे काम काढून घेतले, तीच तबकडी आता त्याला लोकांपुढे आणून बसवू लागली.

विनामूल्य मैफलींची परंपरा पेट्रिलो यांना नवी नव्हती. १९३५ साली अमेरिकेत मोठी बेकारी होती. तेव्हा त्यांनी शिकागोच्या ग्रँट पार्क या उद्यानात उन्हाळी कार्यक्रम सुरू करवले होते. कामाविना बसलेल्या वादकांना काम मिळाले आणि खिशात पैसे नसलेल्या लोकांना गवतावर बसून उत्तम संगीत ऐकता आले. पुढे १९७४ च्या मे महिन्यात ड्यूक एलिंग्टन यांचे निधन झाले. तेव्हा शिकागोच्या वादकांनी त्याच उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ एक मैफल केली. ती दरवर्षी होऊ लागली आणि १९७९ मध्ये तिच्यातून शिकागोचा जॅझ महोत्सव उभा राहिला. अनेक वर्षे तो ग्रँट पार्कमधील ज्या रंगमंचावर होत असे, त्याला पेट्रिलो यांचेच नाव दिलेले होते. २०१३ पासून तो जवळच्या मिलेनियम पार्कमध्ये भरतो. डेट्रॉइट शहरातही १९८० पासून असा महोत्सव होतो. या दोन्ही ठिकाणी तिकीट नसते.

तुम्ही विचाराल, तिकीट नाही तर खर्च कसा भागतो? रंगमंच, ध्वनिक्षेपक, दिवे आणि वादकांचे मानधन यांना पैसे तर लागतातच. काही भार नगर-प्रशासन उचलते. काही देणगीदार व उद्योग देतात. अनेक नागरिक स्वयंसेवक म्हणून राबतात. विनामूल्य म्हणजे फुकटात झालेले नव्हे. कोणीतरी त्याचे मोल आधीच दिलेले असते, हे ऐकणाऱ्याने विसरू नये.

न्यू यॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर संगीतच लोकांच्या दारी गेले. १९६४ साली पियानोवादक बिली टेलर यांच्या पुढाकाराने ‘जॅझमोबिल’ हा उपक्रम सुरू झाला. वाहनावरचा फिरता रंगमंच गल्लीच्या तोंडाशी उभा राही आणि मोठमोठे कलावंत तेथे वाजवत. जॅझ हे त्याच वस्तीतील लोकांचे संगीत. पण महागड्या क्लबांचे दर त्या लोकांना परवडत नव्हते. ज्यांचे संगीत त्यांनाच ते ऐकायला मिळू नये, हा केवढा अन्याय! जॅझमोबिलने तो आपल्या परीने दूर केला. मुले पायऱ्यांवर बसून ऐकत, वृद्ध खिडकीतून ऐकत.

त्याच हार्लेममध्ये १९६९ च्या उन्हाळ्यात सहा रविवारी एक मोठा विनामूल्य महोत्सव झाला. आदल्या वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. लोकांची मने दुखावलेली होती. उद्यानात सुमारे तीन लाख लोक या महोत्सवासाठी येऊन गेले. तेथे जॅझ होते, भक्तिगीते होती, ब्लूज होते. ड्रमवादक मॅक्स रोच आले, गायिका नीना सिमोन आल्या. हॅल टल्चिन नावाच्या दिग्दर्शकाने हे सारे चित्रित केले. दिव्यांसाठी पैसे नव्हते, म्हणून रंगमंचाचे तोंड पश्चिमेकडे ठेवले आणि सूर्याच्याच उजेडात चित्रण केले! सुमारे चाळीस तासांचे चित्रण झाले. थोडा भाग त्या वेळी दूरदर्शनवर दाखवला गेला. पण पूर्ण चित्रपट काढण्यास कोणी पुढे येईना. फिती टल्चिन यांच्या तळघरात पडून राहिल्या. एक वर्ष नव्हे, दोन वर्षे नव्हे, जवळजवळ पन्नास वर्षे! टल्चिन २०१७ मध्ये वारले. त्या फितींवरून तयार झालेला ‘समर ऑफ सोल’ हा माहितीपट २०२१ मध्ये आला आणि २०२२ मध्ये त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९६९ मध्ये गर्दीत उभी असलेली मुले आता म्हातारी झाली होती. आपण पाहिले ते खरेच घडले होते, याचा पुरावा त्यांना इतक्या वर्षांनी मिळाला.

आणखी एक उदाहरण देतो. १९५७ साली पियानोवादक थिलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन हे काही महिने एकत्र वाजवत होते. ऐकणारे त्याची आठवण पुढे आयुष्यभर सांगत; पण चांगले ध्वनिमुद्रण फारच थोडे होते. २९ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हार्लेममधील एका समाजकेंद्राच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. त्यात ते दोघे वाजवले. नभोवाणीने तो टिपला आणि फिती सरकारी ग्रंथालयात गेल्या. २००५ साली तेथील एक कर्मचारी जुन्या फिती तपासत होते. एका फितीच्या खोक्यावर हाताने ‘टी. मंक’ असे लिहिलेले त्यांना दिसले. फीत लावली आणि जे कायमचे हरवले असे सर्वांना वाटत होते, तेच ऐकू येऊ लागले! त्या वेळी मंक आणि कोल्ट्रेन दोघेही हयात नव्हते. हाताने लिहिलेल्या त्या चिठ्ठीने केवढे काम केले, पाहा.

या संगीताचे धागे आपल्या मुंबईपर्यंतही आले आहेत. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकी वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवण्यासाठी आला. गोव्याहून आलेल्या अनेक वादकांनी जॅझ आत्मसात केले. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे त्यांपैकी एक. त्यांचे खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराबरोबर त्यांनी काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातील गाण्यांत जॅझचा रंग दिसतो तो अशा वादकांमुळे. पुढे १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांच्यासारखे थोर कलावंत येथे वाजवून गेले.

मुलांनो, यातून आपण काय घ्यावे? तुमच्या मोहल्ल्यात, गावात असे कितीतरी लोक असतील, ज्यांना जुनी गाणी येतात. लग्नातली गीते म्हणणारी दादी असेल, नात म्हणणारे एखादे चाचा असतील, शाहिरी कवने म्हणणारे शेजारचे आजोबा असतील. आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र घरोघरी मोबाइलमध्येच आहे. त्यांची परवानगी घ्या आणि त्यांचे गाणे टिपून ठेवा. मोबाइल त्यांच्या जवळ ठेवा. लांबून आवाज नीट येत नाही, हे तुम्हांला आता माहीत आहे. आणि गायकाचे नाव, गाव, तारीख लिहायला विसरू नका. चिठ्ठी नसलेली फीत म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

मात्र एवढ्यावर थांबू नका. गावात मैफल असेल, मुशायरा असेल, भजन किंवा कव्वाली असेल, तर जाऊन बसा. तबकडी गाणे जपून ठेवते; पण गाणाऱ्याला जपतो तो समोर बसलेला श्रोता. चांगली जागा आली, की मोकळेपणाने ‘वाह!’ म्हणा. त्या एका शब्दाने कदाचित पुढची ओळ अधिक सुंदर होईल.

स्वाध्याय

१. कव्वालीची मैफल आणि तिचे ध्वनिमुद्रण यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
२. न्यूपोर्ट येथील तबकडीवर पॉल गोन्साल्विस यांचा आवाज क्षीण का आला?
३. वादकांच्या संघटनेने १९४२ साली बंदी का केली? तिचा एक लाभ व एक तोटा लिहा.
४. ‘विनामूल्य म्हणजे फुकटात झालेले नव्हे.’ हे विधान स्पष्ट करा.
५. ‘दाद देणे’ आणि ‘दाद मागणे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
६. मैफल, रियाज, साज, कदर, फर्माईश हे शब्द उर्दूत कसे म्हणतात व लिहितात, ते वर्गात सांगा.
७. तुमच्या परिसरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून जुने गीत ऐका आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.